विश्लेषण : नव्या गाडीच्या किमतीत जुनी जर्मन ‘एसयूव्ही’… बोईसरमध्ये परवडते का?

जुन्या गाड्यांच्या ॲपवर पालघर, बोईसर किंवा विरार निवडून शोध घेतला, की एक मोहात पाडणारी तुलना समोर येते. ज्या रकमेत मध्यम आकाराची नवी कोरी देशी किंवा कोरियन एसयूव्ही मिळते, साधारण त्याच रकमेत सात-आठ वर्षे वापरलेली ऑडी क्यू३, बीएमडब्ल्यू एक्स१ किंवा मर्सिडीज जीएलए उभी असते. तारापूर औद्योगिक वसाहतीतील छोटे उद्योजक, कंत्राटदार, अणुऊर्जा केंद्रातील नोकरदार, दुकानदार अशा अनेकांच्या आवाक्यात ही गाडी आता आली आहे. त्यातच जीएसटीतील बदल, २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आणि दिल्लीतील जुन्या गाड्यांचा वाद यांमुळे या बाजाराचे गणित बदलले आहे. हा व्यवहार कधी फायद्याचा आणि कधी गळ्यात पडणारा, याचा हा वेध.

या गाड्या इतक्या स्वस्त का होतात?

ऑडी क्यू३ भारतात २०१२ मध्ये, मर्सिडीज जीएलए २०१४ मध्ये आली. बीएमडब्ल्यू एक्स१ ची विक्री त्याआधी, २०१० च्या अखेरीस सुरू झाली होती. २०१६ मध्ये एक्स१ ची दुसरी पिढी आली तेव्हा तिची शोरूम किंमत २९ लाख ९० हजारांपासून सुरू होत होती. त्यावर रस्ता कर, विमा आणि इतर खर्च वेगळे. हा सगळा भार पहिला मालक उचलतो. मूळ वॉरंटी संपली, नवी पिढी बाजारात आली, की किंमत वेगाने घसरते.

घसरते ती गाडीची किंमत. तिच्या सुट्या भागांची नव्हे. जीएलएची जुळणी चाकणला, क्यू३ ची छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात आणि एक्स१ ची चेन्नईजवळ झाली असली, तरी त्यांचे बरेचसे भाग आयात होतात. गिअरबॉक्सचे नियंत्रण युनिट, टर्बो, हेडलाइट किंवा सस्पेन्शनचे भाग बदलायची वेळ आली, तर बिल चाळीस लाखांच्या गाडीचेच येते. गाडी बारा लाखांना घेतली म्हणून त्यात सूट मिळत नाही. पहिला मालक गाडी विकतो तेही बहुधा याच टप्प्यावर, मोठा खर्च दारात उभा असताना. हत्ती विकत घेणे सोपे, पोसणे अवघड, ही म्हण या बाजारात अक्षरशः लागू पडते.

जीएसटीतील बदलांनी काय साधले?

दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. पहिला, डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीतला. नोंदणीकृत विक्रेत्याने विकलेल्या सर्व जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर त्यात ठरला. हा कर पूर्ण किमतीवर नसतो, विक्रेत्याच्या नफ्यावर असतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला आपली खासगी गाडी विकली, तर जीएसटी लागत नाही.

तारापूरसारख्या ठिकाणी याला वेगळे महत्त्व आहे. इथल्या अनेक महागड्या गाड्या कंपनीच्या नावावर असतात आणि त्यांवर प्राप्तिकरात घसारा घेतलेला असतो. अशा वेळी घसारा वजा जाता उरलेले पुस्तकी मूल्य आणि विक्री किंमत यांतील फरक हा नफा धरला जातो. समजा, गाडीचे पुस्तकी मूल्य १२ लाख उरले आहे आणि ती १५ लाखांना विकली. कर ३ लाखांवर, म्हणजे ५४ हजार रुपये. तीच गाडी ११ लाखांना विकली तर कर शून्य. ‘किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा द्यावा लागेल,’ असे कोणी सांगत असेल, तर हिशेब मागावा.

दुसरा निर्णय २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. मोठ्या एसयूव्हींवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के कर होता. तो उपकराविना ४० टक्के झाला. करापूर्वीची किंमत १०० धरली, तर ग्राहकाची किंमत १५० वरून १४० वर आली. म्हणजे नव्या आलिशान एसयूव्हीच्या शोरूम किमतीत सुमारे पावणेसात टक्के घट. चार मीटरपेक्षा लहान आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा कर तर थेट १८ टक्क्यांवर आला.

नवी गाडी स्वस्त झाली, की जुनीची किंमतही खाली यायला हवी. ‘मी एवढ्याला घेतली होती’ असे सांगणारा विक्रेता जुन्या करासह भरलेली रक्कम सांगत असतो. घासाघीस करताना त्या मॉडेलची आजची नवी किंमत समोर ठेवावी. वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटीही तेव्हाच सरसकट १८ टक्के झाला. जे भाग आधी २८ टक्क्यांत होते, त्यांचे बिल त्यामुळे थोडे हलके झाले आहे. आयात शुल्काचा भाग मात्र त्यातून सुटलेला नाही.

बोईसरमध्ये वेगळा विचार का करावा लागतो?

पहिले कारण अंतर. या तिन्ही कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रे गाठायची तर मुंबई-ठाणे पट्ट्यात किंवा उलट दिशेला सुरतेत जावे लागते. नेहमीच्या सर्व्हिसिंगसाठी एक दिवस मोडतो. गाडी बंद पडली तर टोइंगचा खर्च आणि आठवडाभराची गैरसोय. बोईसर-पालघरमध्ये हुशार मेकॅनिकांची वाण नाही. पण या गाड्यांचे बिघाड शोधायला त्या-त्या कंपनीचे स्कॅनर आणि सॉफ्टवेअर लागते. काही वेळा नवी बॅटरी बसवल्यावरही गाडीच्या संगणकात तिची नोंद करावी लागते. गाडी घेण्याआधीच हे काम जाणणारा स्वतंत्र गॅरेजवाला वसई-विरार किंवा ठाण्यात हेरून ठेवावा.

दुसरे कारण रस्ते. बोईसर-चिल्हार रस्त्यावर आणि औद्योगिक वसाहतीत अवजड वाहनांची सतत ये-जा असते. मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या घोडबंदर ते अच्छाड टप्प्यातील काँक्रिटीकरणाच्या काळात झालेली कोंडी जिल्ह्याला चांगलीच आठवते. या एसयूव्ही उंच दिसल्या, तरी त्यांचे टायर रुंद आणि कमी जाडीच्या कडेचे असतात. खड्ड्यात टायरला फुगा येणे, रिम वाकणे हे नित्याचे. अनेक एक्स१ गाड्यांना ‘रन-फ्लॅट’ टायर असतात. पंक्चर झाल्यावरही ते काही अंतर धावतात, पण त्यांची किंमत जास्त असते. ड्युअल-क्लच गिअरबॉक्सला तासन् तास इंच-इंच सरकणारी कोंडी मानवत नाही.

तिसरे कारण पाऊस आणि समुद्र. चिंचणी-तारापूर-डहाणू पट्ट्यातील खारी, दमट हवा गाडीचा खालचा भाग, ब्रेकचे पाइप आणि एसीचा कंडेन्सर पोखरते. मोठे काचेचे सनरूफ असेल, तर त्याचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या पानांनी, धुळीने तुंबतात. मग पाणी आत गालिच्याखाली साचते आणि तिथल्या वायरिंगला बाधते. उन्हाळ्यात पाहिलेल्या गाडीत हा दोष कळत नाही. शक्य असल्यास गाडी पावसाळ्यात पाहावी, नाहीतर सनरूफवर बादलीभर पाणी ओतून पाहायला विक्रेत्याने हरकत घेऊ नये.

डिझेल की पेट्रोल?

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन पुरेसे तापून गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. घर ते कारखाना अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि खर्च सुरू होतो. ज्याची गाडी आठवड्यातून एक-दोनदा महामार्गाने मुंबई किंवा वापीला जाते, त्याला ही अडचण सहसा येत नाही. म्हणजे ‘डिझेल स्वस्त पडते’ हा हिशेब वसाहतीतल्या वसाहतीत फिरणाऱ्याला लागू नाही.

जुन्या ऑडी डिझेलबाबत आणखी एक गोष्ट. प्रदूषण चाचणीतील फसवेगिरी उघड झाल्यानंतर फोक्सवॅगन समूहाने डिसेंबर २०१५ मध्ये भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. त्यांत ऑडीही होत्या. त्या काळातील डिझेल गाडी घेताना चॅसी क्रमांक सेवा केंद्राला देऊन ही दुरुस्ती, तसेच अन्य कोणतीही ‘रिकॉल’ दुरुस्ती, झाली आहे का ते विचारावे.

पेट्रोलचा प्रश्न इथेनॉलचा आहे. २०२५ पासून पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याविरोधातील जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. हे इंधन जुन्या गाड्यांत वापरल्यास मायलेज सुमारे ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकते, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच म्हटले होते. मायलेजपेक्षा चिंता आहे ती इंधनमार्गातील रबरी भागांची आणि सीलची. टाकीच्या झाकणाच्या आतील सूचना आणि गाडीची पुस्तिका वाचून ती किती टक्के इथेनॉलसाठी बनवली आहे ते पाहावे. शक्यतो २०२३ नंतरचे मॉडेल निवडावे. जुने घेतल्यास रबरी नळ्यांची तपासणी सर्व्हिसिंगमध्ये धरावी.

डिझेल घेणाऱ्यांनी न्यायालयाकडेही लक्ष ठेवायला हवे. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, याचा अभ्यास करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आणि राज्य सरकारने समिती नेमली. तो आदेश अभ्यासाचा होता, बंदीचा नव्हता. पण ज्याला पाच वर्षांनी गाडी पुन्हा विकायची आहे, त्याच्या दृष्टीने हा धोका खरेदीच्या दिवशीच हिशेबात धरण्यासारखा आहे.

दिल्लीची ‘स्वस्त’ गाडी घ्यावी का?

राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केला होता. त्यामुळे ‘तिथे मालकाला नाइलाजाने विकावी लागते, म्हणून स्वस्त’ असे सांगून अनेक आलिशान गाड्या इतर राज्यांत आल्या. पण १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले आणि डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरते ठेवले. राजधानी क्षेत्रात बीएस-४ निकष एप्रिल २०१० पासूनच लागू होते. म्हणजे या वर्गातील जवळपास सर्वच गाड्या संरक्षणात येतात. नाइलाजाची कथा आता तितकी खरी राहिलेली नाही. गाडी फारच स्वस्त असेल, तर कारण दुसरे असू शकते.

शिवाय परराज्यातील गाडी वर्षभराहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायची, तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, नव्याने नोंदणी आणि गाडीच्या वयानुसार रस्ता कर हे सारे आले. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील २० लाखांवरच्या डिझेल गाडीला कराचा दर १५ टक्के, पेट्रोलला १३ टक्के आहे. जुन्या गाडीला त्यात वयानुसार सवलत मिळते, तरी रक्कम किरकोळ नसते. जिल्ह्यातील ‘एमएच ४८’ किंवा राज्यातील कोणत्याही ‘एमएच’ क्रमांकाच्या गाडीचा एकरकमी कर आधीच भरलेला असतो. हा फरक जोडल्यावर दिल्लीची गाडी कितीशी स्वस्त उरते, ते कागदावर मांडून पाहावे.

विम्यात कुठे फसगत होते?

गाडीचे विमामूल्य वयानुसार घटते. चौथे वर्ष संपून पाचवे सुरू झाले, की नव्या किमतीच्या ५० टक्क्यांवर येते आणि त्यानंतर विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. दुरुस्तीचा दावा करताना सर्वसाधारण पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. गाडी पाच ते दहा वर्षांची असेल, तर धातूच्या भागांवरही ४० टक्के. या गाड्यांच्या बंपरपासून हेडलाइटपर्यंत प्लास्टिक भरपूर. म्हणजे साध्या धडकेतही बिलाचा मोठा वाटा मालकाच्या खिशातून जातो. घसारा माफ करणारे ‘झिरो डेप’ संरक्षण जुन्या गाड्यांना सहज मिळत नाही. पाणी शिरून इंजिन निकामी झाले, तर त्यासाठी वेगळे इंजिन संरक्षण घेतलेले असावे लागते. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जाणाऱ्या भागात ते चैनीचे नाही. सौदा पक्का करण्याआधी त्याच गाडीच्या क्रमांकावर विम्याचा दर आणि कोणती संरक्षणे मिळतात, हे विचारून घ्यावे.

गाडी नावावर झाली तरी विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ खरेदीदाराला मिळत नाही; तो व्यक्तीचा असतो, गाडीचा नाही. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल, तर विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा.

कागदपत्रांत काय पाहावे?

‘एम-परिवहन’ ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला, की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा यांची माहिती मिळते. बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकीत ई-चलान स्वतंत्रपणे तपासावे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१४ ची गाडी घेतली, तर २०२९ मध्ये नूतनीकरण येणार हे लक्षात ठेवावे.

हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. ‘सह्या करून ठेवा, नावावर नंतर करू’ हा प्रकार दोघांनाही घातक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केले, की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. मध्यस्थाकडून गाडी घेत असाल, तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद आहे; ते पाहायला मागावे. २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे. पैसे बँकेतूनच द्यावेत; उद्या ग्राहक आयोगात जायची वेळ आली, तर तोच पुरावा. व्यवसाय म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध तिथे दाद मागता येते. एखाद्या खासगी मालकाने एकदा विकलेल्या गाडीबाबत मात्र तो मार्ग सहसा मिळत नाही.

गाडीची तपासणी कशी करावी?

घराजवळ एक फेरी मारून काही कळत नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी थंड इंजिनाने सुरू करून पाहावी. साखळीचा खडखडाट किंवा धूर तेव्हाच उघड होतो. मग अर्धा तास महामार्गावर आणि दहा मिनिटे कोंडीत चालवावी. कोंडीत गिअर बदलताना धक्के बसत असतील, तर ड्युअल-क्लचचा खर्च जवळ आला असे समजावे. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. म्हणून अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी चॅसी क्रमांकावरून मागवाव्यात. शेवटी गाडी अधिकृत केंद्रात लिफ्टवर चढवून, स्कॅन करून लेखी अहवाल घ्यावा. यासाठी काही हजार रुपये जातात. विक्रेता याला नकार देत असेल, तर तोच अहवाल समजून परत यावे.

सुरक्षेची तपासणी याहून महत्त्वाची. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी मृत्यू झाला, तो याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर. गाडी मर्सिडीज जीएलसी होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि दोघेही दगावले. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही बचावले. महागडी गाडी म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे, हे त्या अपघाताने दाखवले. जुनी गाडी पाहताना मागचे पट्टेही ओढून, लावून पाहावेत. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागलाच नाही, तर आधीच्या अपघातात उघडलेल्या एअरबॅग न बदलता दिवा बंद केल्याची शक्यता असते.

मग घ्यावी का?

उत्तर मालकाच्या पगारापेक्षा वापरावर आणि राखीव रकमेवर ठरते. घरातली ही एकमेव गाडी असेल, रोजचा प्रवास वसाहतीपुरता असेल आणि हप्ता भरून हाती फारसे उरत नसेल, तर न घेणे शहाणपणाचे. जुन्या गाडीचे कर्ज नव्यापेक्षा महाग असते. १० लाखांचे कर्ज १३ टक्के दराने चार वर्षांसाठी धरले, तर महिन्याला सुमारे २६ हजार ८०० रुपये हप्ता आणि एकूण पावणेतीन लाखांहून अधिक व्याज होते. त्यात एक मोठी दुरुस्ती आली, की गाडी दारात आणि मालक रिक्षात.

घरात दुसरी भरवशाची गाडी आहे, मुंबईला नियमित जाणे-येणे आहे आणि दुरुस्तीचा खर्च कर्जाविना पेलतो, अशांना हा व्यवहार खरोखर फायद्याचा ठरू शकतो. तीस-पस्तीस किंवा चाळीस लाखांच्या गाडीची भक्कम बांधणी, महामार्गावरील पकड आणि आराम निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. त्यांनीही एक पथ्य पाळावे : हाती १५ लाख असतील, तर गाडी १२ लाखांची पाहावी आणि ३ लाख बाजूला ठेवावेत. नाव बदलणे, विमा, टायर, बॅटरी, पहिले पूर्ण सर्व्हिसिंग आणि एक अनपेक्षित बिघाड यांतच ते जातात. दहा वर्षांच्या, पण सर्व सुविधा असलेल्या गाडीपेक्षा पाच वर्षांची, कमी सुविधांची आणि पूर्ण सेवानोंदी असलेली गाडी बरी. कंपन्यांच्या स्वतःच्या प्रमाणित जुन्या गाड्यांच्या दालनात किंमत जास्त पडते; पण तिथे वॉरंटी मिळते आणि बोईसरपासूनचे अंतर पाहता त्या वॉरंटीला मोल आहे.

हौसेला मोल नसते म्हणतात. जुन्या जर्मन गाडीच्या हौसेला ते असते आणि ते पहिल्या वर्षातच कळते. म्हणून सौदा करताना गाडीची किंमत विचारण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा. उद्या दोन लाखांची दुरुस्ती निघाली, तर ती करून घेता येईल का? उत्तर ‘हो’ असेल, तर गाडी पाहायला जावे. ‘पाहू तेव्हाचे तेव्हा’ असे असेल, तर नव्या साध्या गाडीची बुकिंग करावी.